तळ्यातला झरा

नळदुर्ग
२० जानेवारी

शिवांजली,

पाकिटावरचं अक्षर बघून म्हणशील, हे कुणा डॉक्टराचं प्रिस्क्रिप्शन आलं. माझंच आहे. दिवाळीत तूच म्हणाली होतीस, फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं, तुला काय बोलायचं ते लिहून पाठव, लिहिताना तरी माणूस विचार करतो. घे, विचार करून लिहितोय. इथं नळदुर्गात दुकानाजवळच्या पोस्टातल्या बाईनं परत परत विचारलं, हैदराबादला पत्र? पार्सल न्हवं, पत्र? मी म्हटलं, व्हय बाई, पत्रच, बायकोला. ती हसली. मला राग आला, पण पोस्टात काय भांडणार.

तुझा मेसेज परवा आला. आपल्या गावच्या माळावर तुमची कंपनी डेटा सेंटर उभं करायचं बघतीय, त्याचा पाण्याचा, विजेचा, पर्यावरणाचा सगळा आराखडा तुझ्याकडं आहे, आणि मंजूर झालं तर साइटवर नेमणूकही तुझीच. निदान चार वर्षं. शेवटी लिहिलंयस, 'घरून जाऊन-येऊन करता येईल.' माझ्या हातात पाण्याच्या जळालेल्या मोटारीचं वायंडिंग होतं. ते तसंच खाली ठेवलं आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. हायवेवरून ट्रक चाललेले. तुला जाऊन दोन वर्षं झाली, त्यात 'घर' हा शब्द तुझ्याकडून पहिल्यांदा आला. उत्तरात मी नुसता अंगठा पाठवला म्हणून चिडली असशील.

अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, डाटा शेंटर म्हंजे काय रे. सांगितलं, लोकांच्या मोबाइलातले फोटो, बँकांचे हिशेब, असलं सगळं जिथं साठवतात ती कोठी. आत हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालतात, तापतात, त्यांना थंड ठेवावं लागतं, त्याला पाणी लागतं आणि वीज लागते. एवढं सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, तुझ्या बापासंगचा माझा फोटो हरवलाय, तो तिथं घावंल का. मी म्हटलं, सुनेला विचार. 'तीच येणार हाय न्हवं, मग तोंडानंच इचारते,' म्हणाली आणि उठून तुझ्या खोलीतले कांदे बाहेर काढायला लागली. हो, तुझ्या खोलीत कांदे ठेवले होते. रागावू नको.

मी दुकान आवरून तुझ्याकडं येणार होतो, आलो नाही, तू वाट बघून बघून चिडलीस, ते सगळं आता उगाळत नाही. फक्त एक सांग. आराखडा मंजूर व्हायला किती दिवस लागतात?

मल्लिनाथ

(वर 'तुझा' लिहायचं राहिलं. लिहिलं असं समज.)


नळदुर्ग
९ फेब्रुवारी

शिवांजली,

तुमचे साहेब लोक येऊन गेले. मी इस्त्रीचा शर्ट घालून माळावर उभा. पांढरी गाडी आली, एकेक दार उघडायला लागलं आणि माझा जीव वर-खाली. चार दारं उघडली, चारीतून पुरुषच उतरले. तू येणार असं तू कुठं म्हणाली होतीस? नव्हतीसच. शर्टाला इस्त्री करायला तरी मला कुणी सांगितलं होतं!

माणसं चांगली होती. एकजण तर माझ्यासारखाच मोटारींतला निघाला. त्यानं समजावून सांगितलं की यंत्राची उष्णता कशानं तरी बाहेर न्यावीच लागते. पाण्यानं नेली तर विजेचं बिल कमी येतं, पण पाणी वाफ होऊन उडून जातं. नुसत्या हवेनं नेली तर पाणी वाचतं, पण पंख्यांचं बिल डोळे पांढरे करतं. मी म्हटलं, ट्रकच्या रेडिएटरसारखं, तेच तेच पाणी नळीतून फिरवत ठेवायचं? तो म्हणाला, बरोबर, पण ते महाग. आमची मॅडम त्याचाच हिशेब घालतीय. मॅडम म्हणजे तू. मला एकदम छाती फुगल्यासारखं झालं आणि त्यांच्याकडनं चहाचे पैसे घ्यायचे सोडून मीच सगळ्यांचे दिले.

आता तुझा प्रश्न. तू विचारलंयस की उपग्रहाच्या फोटोंत दर मे महिन्यात आपल्या तळ्यात पाणी दिसतं, भोवतालची तळी मात्र कोरडी ठणठणीत, असं का. साहेब लोक त्या पाण्यावरच भाळलेत आणि आराखड्यात कारण लिहावं लागतं, गावात विचारून कळव. विचारलं. हिंमतरावांकडं गेलो, सरपंच म्हणून. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि म्हणाले, झरा असंल. मग मीही जरा वेळ विचार केला.

तर लिहून घे, तळ्याच्या बुडाला झरा आहे. जुनी माणसं सांगतात.

घराला आतून चुना मारला. अव्वानंच हट्ट धरला, मला काय त्याचं.

तुझा मल्लिनाथ


नळदुर्ग
२० मार्च

शिवांजली,

तुझं उत्तर मिळालं. 'झरा लिहिला.' बास, एवढंच? खाली मात्र वेगळ्या ओळीत विचारलंयस, 'खोलीत खिडकीपाशी टेबल बसेल का?' बसेल. मोजून बघितलं. खिडकी उघडझाप करायला थोडी अडचण होईल, म्हणून खिडकीच बाहेरच्या बाजूला उघडणारी करून घेतली. सुतार म्हणाला, एका टेबलापायी खिडकी बदलता? मी म्हटलं, तुला पैशाशी मतलब.

सध्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. काल रंगपंचमी झाली. दरसालप्रमाणं सगळ्यांनी तळ्यातल्या मोटारी वर काढल्या आणि माझ्या दारात आणून टाकल्या. कुणाचं बेअरिंग गेलंय, कुणाचं वायंडिंग जळालंय, आणि प्रत्येकाला आपलीच आधी पाहिजे. धनाजीची कुठली आणि हिंमतरावांची कुठली हे मला आता कळेनासं झालंय. तू असताना प्रत्येक मोटारीला नावाची चिठ्ठी बांधायचीस, मी म्हणायचो, कशाला नखरे, मला सगळ्या तोंडपाठ आहेत. नव्हत्या पाठ. काल धनाजीची मोटार उघडून बसलो आणि तो म्हणाला, माझी तर चालू हाय की, ही फकस्त ग्रीस लावायला आणली.

ही दुकानाची बातमी आहे बरं का. आराखड्याशी हिचा संबंध नाही.

दुपारी जेवायला ढाब्यावर गेलो नाही, डबा नेला. समोरच्या स्टुलावर तू बसायचीस तिथं आता कॉपर वायरची रिळं ठेवलीत. गेल्या आठवड्यात ती खाली काढली आणि स्टूल पुसून ठेवलं. गिऱ्हाईक येऊन त्यावर बसलं तर त्याला उठवलं. तो माणूस अजून माझ्याकडं विचित्र नजरेनं बघतो.

लवकर मंजूर करून घे गं. मी असलं कधी म्हणत नाही, म्हटलंय तर ऐक.

तुझा मल्लिनाथ


नळदुर्ग
१० एप्रिल

शिवांजली,

पाडवा झाला. गुढीला तुझी हिरवी साडी नेसवली, अव्वानं. मला सकाळी दारात ती साडी दिसली आणि चक्क वाटलं, आली. अव्वाला म्हटलं, दुसरी नव्हती का? ती म्हणाली, होत्या की.

शरणबसप्पाची मेंढरं आली. दरसाल पाडव्यानंतर कर्नाटकातल्या आळंदकडून येतात तशी. पहिल्यांदा हिंमतरावांच्या रानात बसली, मग धनाजीच्या, आता आपल्या रानात बसलीत. सकाळी सगळी तळ्यावर उतरतात तेव्हा कडेचं पाणी दिसेनासं होतं. म्हातारा थकलाय, पण आवाज तोच. मला बघून लांबूनच म्हणाला, मल्लण्णा, अक्का न्हाई आली? तुला त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कोकरू दिलं होतं हातात धरायला आणि तू सोडेचनास. मी म्हटलं, येणार आहे. गाडी काढून सरळ दुकानात आलो.

तू विचारलंस, झऱ्याचा एखादा फोटो मिळेल का. शिवांजली, पाण्याखालच्या झऱ्याचा फोटो कसा काढायचा? असलं काही मागू नको. जुनी माणसं सांगतात एवढ्यावर नाही का भागत?

गावात सगळे खुशीत आहेत. माळाच्या कडेला धनाजीची जमीन, तो आत्तापासून ट्रॅक्टरचे रंग बघतोय. प्रत्येकाला वाटतं आपला पोरगा तिथं गेटवर बसणार. मला बघितलं की चहा पाजतात, मॅडमचे मिस्टर म्हणून. मी पितो.

टेबल आलं. खिडकीतून थेट तळं दिसतं, हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. पडदा लावू का? रंग कळव.

तुझा मल्लिनाथ


नळदुर्ग
१ मे

शिवांजली,

आज ग्रामसभा झाली. तळ्याचं उन्हाळ्यातलं पाणी कंपनीला द्यायचा ठराव होता. पत्र लिहितोय ते दुकानात बसून, शटर अर्धं ओढलंय. घरी अव्वासमोर हे लिहायला होणार नाही.

समाजमंदिरात आज बरीच माणसं होती. हिंमतराव उठून म्हणाले, कंपनीला खात्री पाहिजे की तळ्याचं पाणी उन्हाळ्यात उरतं. मग माझ्याकडं हात केला. म्हणाले, मल्लिनाथला इचारा, आराखडा त्याच्याच घरचा हाय. सगळी मान वळवून माझ्याकडं बघायला लागली. कुणी हसत नव्हतं. त्यातल्या एकेकाला खरं काय ते माहीत होतं आणि एकेकाला पाहिजे होतं की मी ते बोलू नये. मलाही तेच पाहिजे होतं. मी उठलो आणि म्हणालो, 'उरतं.' टाळ्या पडल्या. ठराव झाला.

बाहेर पडलो तर पाय आपोआप तळ्याकडं वळले. शरणबसप्पा कडेला बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो काही गावचा मतदार नाही, पण त्याला सगळं कळलं होतं. मला वाटलं आता शिव्या देईल, मी तयारीतच होतो. त्यानं मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाला, 'अक्का येणार म्हणून ऐकलं. चांगलं झालं बघा. एकटा माणूस वाळून जातो.' मी मान हलवली. मग जरा थांबून म्हणाला, 'पुढच्या सालाला आमी कुठं जावं, तेवढं आत्ताच सांगा मल्लण्णा. वाटंवरच्या गावांना आधी सांगून ठेवावं लागतंय.'

रागानं नाही म्हणाला. एसटी कितीला आहे विचारावं तसं विचारलं. मेंढरांना घेऊन हा माणूस बापाच्या मागनं इथं येत आला, आता पुढच्या उन्हाळ्यात कुठलं गाव त्याला पाणी देणार आहे? परंड्याकडं जा म्हणून सांगू, की भूमकडं? तिथं माणसांना टँकर लागतो.

म्हणून आता लिहितो, नीट वाच. तळ्याला झरा नाही. कधीच नव्हता. पाणी मे महिन्यात दिसतं कारण आपण ते घेत नाही. रंगपंचमी झाली की सगळ्यांच्या मोटारी वर, आणि तिथून मृगापर्यंत तळं जनावरांचं, आपल्या गुरांचं आणि या मेंढरांचं. त्याबदल्यात मेंढरं रानात बसतात आणि लेंडीखत मिळतं. याचा कागद नाही, ठराव नाही. कुणी चोरून मोटार टाकलीच तर त्याच्या रानात मेंढरं बसत नाहीत, एवढीच शिक्षा, तिलाच सगळे भितात. तुमच्या उपग्रहाला पाणी दिसतं, पाणी राखणारी माणसं दिसत नाहीत. त्याला वाटलं, कुणालाच नकोय हे पाणी.

ते रेडिएटरवालं गणित परत मांडून बघ. साहेबांना सांग, वीज जास्त लागली तर माळावर सोलर वाढवा, ऊन आमच्याकडं पाहिजे तेवढं आहे. आणि ते नाही म्हणाले तर... तर काय, मला माहीत आहे. मग तू येत नाहीस.

मी उद्या हिंमतरावांकडंही जाणार आहे आणि सभेत बोललो ते चुकीचं बोललो असं लिहून देणार आहे. तू काय लिहायचं ते तू बघ, तुझी नोकरी आहे.

पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात एक गोष्ट डोक्यात शिरली आणि मी परत उघडून बसलो. शिवांजली, हे सगळं मी तुला कशाला समजावून सांगतोय? लग्न होऊन आल्यावर पहिल्याच रंगपंचमीला तू या दुकानात बसून मोटारींना चिठ्ठ्या बांधल्यास. शरणबसप्पाचं कोकरू घेऊन तळ्यावर तूच बसली होतीस. तुला माहीत आहे पाणी का राहतं. तुला पहिल्यापासून माहीत होतं.

मग मला का विचारलंस?

मल्लिनाथ


नळदुर्ग
२६ मे

शिवांजली,

तुझं पत्र आलं. पत्र! मेसेज नाही. पोस्टमननं दुकानात आणून दिलं आणि गिऱ्हाइकासमोर मला ते उघडवेना. घरी नेलं, तुझ्या खोलीत दार लावून वाचलं. अव्वा बाहेरून दोनदा विचारून गेली, काय लिव्हलंय. मी म्हटलं, सगळं ठीक आहे. बाहेर आलो तर म्हणाली, मग डोळं का धुऊन आलास.

तू लिहिलंयस ते मला पाठ झालंय. तरी परत उतरवून काढतो, कारण मला हे माझ्या अक्षरात बघायचंय. 'मला माहीत होतं. आराखडा हातात आला त्याच दिवशी माहीत होतं. पण तू खरं सांगितलंस तर ते लिहीन, असं मी ठरवलं आणि तुला विचारलं. तू झरा पाठवलास. तेव्हा मला कळलं की तुला मी यायला पाहिजे आहे. ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. मग तुझा झरा आराखड्यात लिहिला आणि रोज त्या पानावर येऊन थांबत होते, पण खोडला नाही.'

अगं बाई. मी दोन वर्षं समजत होतो, तुला तिकडं बरं वाटतंय. तुझे तिथले मोठे रस्ते, थंड ऑफिस, मैत्रिणी. मी म्हणायचो, तिला आपली आठवण कशाला येईल, आठवण यायला काही रिकामा वेळ तर पाहिजे. आणि तू, तू जी मला गॅसच्या अर्जावर एक आकडा चुकला म्हणून परत लायनीत उभं करायचीस, ती तू सरकारदरबारी जाणाऱ्या कागदावर खोटा झरा लिहून बसली होतीस! घरी यायला मिळावं म्हणून. हे तू मला एकदा तोंडानं का सांगितलं नाहीस? मी का विचारलं नाही, असं तू म्हणशील. तेही खरंच आहे.

बाकीचंही वाचलं. माझं पत्र मिळाल्यावर तू झरा खोडलास आणि त्या जागी राखलेल्या पाण्याचं सगळं लिहिलंस, मेंढरांसकट. रेडिएटरचा हिशेबही मांडलास. साहेबांनी दोन दिवस बघितला आणि म्हणाले, एवढं बिल परवडत नाही. आता हैदराबादच्या पलीकडं कुठंतरी करणार, शहराचं सांडपाणी शुद्ध करून मिळतं तिथं. तुलाही तिकडच्या कामावर घेतलंय. मनात आधी आलं ते सांगतो, कशाला खोडलंस. एक क्षण आलं. मग खिडकीतून बाहेर बघितलं, मेंढरं पाण्यावर होती. बरं झालं खोडलंस ते. पण तो एक क्षण आला होता, तो तुझ्यापासून कशाला लपवू.

गावाला माझ्याकडूनच कळलं. हिंमतराव मला बोलले ते लिहीत नाही, तुला त्यांच्याबद्दल आदर आहे. धनाजी बोलतच नाही, त्याच्या जमिनीला आता कोण विचारतंय. चहा बंद झाला. रंगपंचमीच्या मोटारी दुरुस्त होऊन पडल्यात, त्यातल्या चार-पाच जणांनी येऊन नेल्या आणि पुढच्या साली सोलापूरला टाकू म्हणाले. टाका म्हटलं. शरणबसप्पाला सांगितलं, पुढच्या सालाला इथंच या. तो बरं म्हणाला आणि लगेच विचारलं, अक्का? मी म्हटलं, न्हाई येत. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच बराच वेळ बसला.

टेबल तसंच आहे. पडद्याचा रंग तू शेवटपर्यंत कळवला नाहीस.

तुझा मल्लिनाथ


नळदुर्ग
१३ जून

शिवांजली,

छोटंसंच लिहितो, शटर ओढायचंय.

मेंढरं काल गेली. तळ्यात घोट्याइतकं पाणी आहे, गुरं त्यात उभी राहतात. लोकांनी मोटारी न्यायला सुरुवात केली. धनाजी आला होता. बोलला नाही, पण मोटार उचलताना मला हात दिला आणि जाताना म्हणाला, ग्रीस चांगलं लावलंस.

तुझं पत्र आल्यापासून माझं कामात ध्यान नाही. परवा वायंडिंग उलटं भरलं, मोटार उलटी फिरली, गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघत राहिलं. रात्री जेवताना अव्वा म्हणाली, किती दिवस असं ताटात बोटं फिरवत बसणार हाईस. मी म्हटलं, तुला एकटं टाकून कुठं जाऊ. ती म्हणाली, 'मी काय तान्हं लेकरू हाय? माझ्या नावाखाली किती सालं लपशील?' हे ऐकलं आणि मला तिच्याकडं बघायची लाज वाटली. तिनं तुझ्यासाठी चटणी कुटायला घेतलीय, मला न विचारता.

तू मला बोलावलेलं नाहीस. पत्रात तर कुठं लिहिलेलं नाही, मी ओळन् ओळ शोधली. कायमचं येतोय असंही मी म्हणत नाही, दुकानाचं काय करायचं ते अजून ठरवायचंय, तिथं आल्यावर आपण भांडून ठरवू. तुझ्याशी समोरासमोर भांडायचीसुद्धा मला आता हौस आलीय. पण घरी यायला मिळावं म्हणून तू खोटं लिहायला तयार झालीस, एवढं कळल्यावर मला इथं बसवेना.

शनिवारच्या गाडीत बसतोय. हे पत्र माझ्या मागून पोचलं तर हसू नको. आधी दार उघड.

तुझा
मल्लिनाथ